परक्या शहरात खोली घेण्याआधी वस्ती कशी पारखावी

गावातून कुणी पेशंट घेऊन मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला निघालं, पोरगी पोलीस भरतीला निघाली, पोरगा परीक्षेला निघाला, की घरात पहिला प्रश्न पैशाचा आणि दुसरा मुक्कामाचा. शहरात नातेवाईक नसेल तर लॉज. आणि परवडणारं लॉज नेमकं त्या भागात असतं, ज्याचं नाव काढलं की शेजारचे काका म्हणतात, "तिकडं नको जाऊ बापा, तो एरिया बेकार आहे." काकांनी तो एरिया शेवटचा कधी पाहिला, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्या पांढरकवडा-घाटंजी पट्ट्यातून नागपूरला जाणाऱ्यांची सोय लावता लावता माझं एक मत पक्कं झालं आहे. वस्तीच्या नावावरून फार थोडं कळतं. सुरक्षित किंवा धोक्याचा असतो तो एखादा रस्ता, दिवसाच्या एखाद्या वेळी, एखाद्या माणसासाठी. दुपारी दोनला औषध आणायला जाणाऱ्या भावासाठी जो रस्ता ठीक आहे, तोच पहाटे साडेचारला भरतीच्या मैदानाकडे निघालेल्या मुलीसाठी ठीक असेलच असं नाही. म्हणून "हा एरिया कसा आहे?" हा प्रश्न सोडा. "मला ज्या वेळी चालायचं आहे, त्या वेळी हा रस्ता कसा असतो?" एवढंच शोधायचं आहे, आणि ते शोधता येतं.

नावाची भीती आधी उतरवा

पुण्याची बुधवार पेठ घ्या. दगडूशेठ गणपती या पेठेत, स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकं घ्यायला जातात ती अप्पा बळवंत चौकातली दुकानं या पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार इथे आणि वेश्यावस्तीही इथेच. एकाच नावाखाली चार वेगळी जगं आहेत आणि त्यांच्यात अंतर दोन-चार गल्ल्यांचं. पेठेचं नाव ऐकून घाबरणारा माणूस गणपतीलाही जाणार नाही. आणि "दगडूशेठच्या जवळच आहे" एवढ्यावर खोली घेणारा रात्री भलत्याच गल्लीत उभा राहील. तिथल्या बायांकडून प्रवाशाला धोका नसतो, हेही स्पष्ट सांगतो. धोका असतो तो दलालांचा, पिऊन आलेल्या गिऱ्हाइकांचा आणि त्या गर्दीवर जगणाऱ्या पाकीटमारांचा.

नागपुरात उलटंही दिसतं. बर्डीचा, म्हणजे सीताबर्डी बाजाराचा मेन रोड दिवसभर माणसांनी फुललेला, म्हणून लोकांना तो घरचा वाटतो. पण बाजाराची गर्दी दुकानांसोबत जाते. शटर पडली की त्याच भागातल्या आतल्या गल्ल्यांत चिटपाखरू नसतं, कारण वर राहणारी घरंच कमी. याउलट मोमीनपुऱ्यासारख्या मोहल्ल्याबद्दल गावाकडे काहीबाही बोललं जातं, पण तिथे रात्री उशिरापर्यंत खाण्याच्या दुकानांवर कुटुंबं बसलेली असतात. रमजानमध्ये तर पहाटेपर्यंत वर्दळ. जातीवरून, धर्मावरून वस्तीला "डेंजर" म्हणणं अन्यायाचं आहेच, शिवाय ते प्रवाशाच्या उपयोगाचंही नाही, कारण त्यात बघण्यासारखी एकही गोष्ट सांगितलेली नसते.

पत्र्याची घरं, उघडी नाली, दारात भांडी घासणाऱ्या बाया, ही गरिबीची खूण आहे. आपल्या गावातही हेच असतं. दाट वस्तीत दार उघडं असतं, ओट्यावर म्हातारी बसलेली असते, कोण नवीन आला हे दहा जणांना कळतं. मला जास्त काळजी वाटते ती शहराबाहेरच्या नव्या ले-आउटमधल्या चकाचक खोल्यांची. फोटोत टाइल्स, एसी, सगळं असतं. बाहेर मात्र अर्धे प्लॉट रिकामे, दिवे नाहीत आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नाही.

दारूचं थोडं वेगळं सांगावं लागेल. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बंदी होती. तिथून आलेल्या माणसाला रस्त्यावर उघडा बार दिसला की छातीत धस्स होतं. नुसत्या बारमुळे रस्ता वाईट ठरत नाही. कुटुंबं जेवतात अशा सावजी भोजनालयाशेजारी बार असेल तर फारसं बिघडत नाही. देशीची भट्टी, म्हणजे देशी दारूचं दुकान मात्र लॉजच्या वाटेवर असेल, आणि लोक बाहेर रस्त्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर बसून पीत असतील, तर ती वाट संध्याकाळनंतर टाळायची.

घरून निघण्याआधी

एका कागदावर तीन ठिकाणं लिहा: उतरणार कुठे, काम कुठे, झोपणार कुठे. त्यांच्या मधल्या वाटांसमोर वेळ लिहा. बहुतेक लोक फक्त खोलीचं भाडं लिहितात आणि इथेच चुकतात. पेशंट भरती असला तर नातेवाइकाला रात्री अकरालाही औषध आणायला बाहेर पडावं लागतं. भरतीची मैदानी चाचणी असेल तर अंधारातच निघावं लागतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्स कधीकधी पहाटे तीन-चारला बायपासवर उतरवून देतात. तिकिटावर गाडी नागपूरच्या मुख्य स्टेशनला जाते की अजनी स्टेशनला संपते, तेही बघून घ्या. दोन्हीकडून पुढची वाट वेगळी आहे. मेयो हे दुसरं सरकारी हॉस्पिटल मुख्य स्टेशनच्या जवळ, मेडिकल तिथून दूर, दक्षिणेला. गणेशपेठच्या एसटी स्टँडवरून मेडिकलसुद्धा सामान घेऊन चालत जाण्याचं अंतर नाही.

मग नकाशा उघडा आणि गाडीचा नाही, पायी चालण्याचा रस्ता लावा. त्यावर चार गोष्टी शोधा: रेल्वेखालचा बोगदा, नाल्याचा काठ, उड्डाणपुलाखालची जागा आणि लांबलचक भिंत. भिंतीकडे लोक लक्ष देत नाहीत. गोदाम, कारखाना, मोठं कार्यालय, कॉलेजचं मैदान यांच्या कंपाउंडच्या कडेने जाणारा रस्ता दिवसा शांत आणि छान वाटतो. रात्री मात्र त्याला एका बाजूने ना दार ना खिडकी, म्हणजे अडचण आली तर शिरायला जागाच नाही. नकाशावर तीनशे मीटर जास्त पडले तरी दुकानं आणि घरं असलेला रस्ता धरा.

लॉजचे अभिप्राय वाचताना तारे मोजू नका. "नवीन आधी" असं लावून कमी तारेवाले अभिप्राय वाचा. "पाणी नव्हतं", "गादी खराब" हे सोडून द्या. "रात्री दार वाजवलं", "ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागितले", "खाली दारुडे बसतात", "बायकोला घेऊन येऊ नका" असं दोन वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल तर ते लॉज यादीतून काढा. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा. त्यात कुठेतरी बाहेरची गल्ली दिसते, जी मालकाच्या फोटोत कधीच नसते.

तारखाही बघा. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा खोल्या मिळत नाहीत, मोर्च्यांमुळे रस्ते बंद होतात आणि माणूस नाइलाजाने मिळेल त्या खोलीत शिरतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. ती गर्दी अतिशय शिस्तीची, पण लॉज मिळणं कठीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारीकडचे रस्ते तुडुंब असतात. पेशंट घेऊन त्या बाजूला जाऊच नका. अशा दिवसांत जायचंच असेल तर खोली आठवडाभर आधी ठरवा.

कुणाला विचारायचं आणि काय

"सेफ आहे का?" असं विचारलं की लॉजवाला "एकदम सेफ" म्हणतो आणि भित्रा नातेवाईक "अजिबात नाही" म्हणतो. दोन्ही उत्तरं निरुपयोगी. ज्याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलेलं असेल असाच प्रश्न विचारा:

"भाऊ, रात्री दहाला तिथून मेडिकलला ऑटो भेटते का? किती घेते?"

"खाली चहाचं दुकान किती वाजेपर्यंत चालू राहते?"

"ताई, तुम्ही तुमच्या बहिणीला रात्री नवाला त्या रस्त्यानं एकटी पाठवाल का?"

हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. माणूस क्षणभर थांबतो, आणि ते थांबणंच बरंच सांगून जातं. विचारायचं कुणाला? गेल्या दोन-तीन महिन्यांत तिथे राहून आलेला आपल्या तालुक्यातला माणूस पहिला. मग हॉस्पिटलातले समाजसेवा अधीक्षक. सरकारी दवाखान्यात हे पद असतं, आणि नातेवाइकांनी कुठे थांबावं याची त्यांना खरी माहिती असते. वॉर्डात आधीपासून असलेल्या पेशंटच्या घरच्या बायकांना विचारा. त्या रोज रात्री त्याच रस्त्याने जात-येत असतात.

ऑटोवाल्याला रस्त्याबद्दल विचारा, लॉजबद्दल नको. काहींना लॉजकडून कमिशन असतं. "तुमचं लॉज बंद झालं, फुल आहे, मी दुसरं दाखवतो" असं म्हटलं की तिथेच लॉजला फोन लावायचा. खरं-खोटं एका मिनिटात कळतं.

लॉजला आधीच फोन करून हे विचारा: रात्री गेट किती वाजता लावता, उशीर झाला तर उघडतं कोण, रात्रभर काउंटरवर माणूस असतो का, कुटुंबं थांबतात का, पावती देता का. उत्तरं काय मिळाली यापेक्षा कशी मिळाली ते ऐका. ज्याच्याकडे नियम आहेत तो पटकन सांगतो. "या तर खरं, मग पाहू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

दिवसाउजेडी पोचा, आणि रस्ता चालून बघा

पहिला मुक्काम असेल तर काहीही करून चारच्या आत शहरात पोचा. त्यासाठी पहाटेची एसटी धरावी लागली तरी धरा. सामान एकाजवळ ठेवून दुसऱ्याने लॉजच्या आजूबाजूला वीस मिनिटं फिरून यावं. बैल घेताना आपण नुसते दात बघत नाही, चालवूनही बघतो. तसा रस्ता चालून बघायचा.

चांगल्या खुणा साध्या असतात. शाळेतून एकट्या घरी येणाऱ्या पोरी. डेली नीड्सच्या दुकानात उभ्या असलेल्या बाया. बाहेर वाळत घातलेले कपडे, म्हणजे वर घरं आहेत. दारासमोर रांगोळी. औषधाचं दुकान, पिठाची चक्की, शिकवणी वर्ग, दवाखाना, मंदिर, मशीद, बुद्धविहार, काहीही, जिथे ठरलेल्या वेळी माणसं येतात. दुचाक्या रात्रभर बाहेर उभ्या राहत असतील तर त्या गल्लीतल्या लोकांचा एकमेकांवर विश्वास आहे.

वाईट खुणा: भरदुपारीही बंद असलेली दुकानं, फोडलेले दिवे, रिकाम्या बाटल्यांचा आणि इंजेक्शनच्या सुयांचा कचरा, बंद पडलेली इमारत, जिच्यात पायवाट पडली आहे. आणि एकाच वयाचे, कामधंदा न करता कोपऱ्यावर उभे असलेले, तुम्ही आलात की बोलणं थांबवून पाहणारे चार-सहा जण. यात एक बारीक भेद आहे. पाहणं वेगळं आणि मागे येणं वेगळं. गावात परका माणूस आला की आपणही बघतोच की. नुसतं बघितलं तर घाबरू नका. "कुठं चालले? कोण पाहिजे? एकटेच आहात का?" असं पाठोपाठ विचारत कुणी सोबत चालू लागलं, तर ती जागा सोडा.

पानठेल्यावर थांबा. गल्लीची सगळी खबर तिथे असते. पाण्याची बाटली घ्या आणि म्हणा, "दादा, आई सोबत आहे, दवाखान्यात आलो. रात्री औषध आणाले जावं लागते, कोणत्या रस्त्यानं जाऊ?" आपल्याकडच्या बोलीत बोला, लाजू नका. विदर्भातला माणूस आपल्या मुलखाचा शब्द ऐकला की मोकळा होतो. बहुतेक वेळा ठेल्यावरचा माणूस स्वतःहून सांगतो, "तिकडून नका जाऊ, इकडून जा." एवढ्या एका वाक्यासाठीच सगळी धडपड. दोन वेगळ्या ठिकाणी विचारून बघा. दोन्हीकडे एकच रस्ता टाळायला सांगितला तर तो टाळा.

याच फेरीत जवळचं पोलीस ठाणं किंवा चौकी आणि रात्रभर उघडं राहणारं एक ठिकाण बघून ठेवा: मेडिकल स्टोअर, पेट्रोल पंप किंवा दवाखान्याचं कॅज्युअल्टी. वाटेत काही झालं तर पळत खोलीकडे जायचं नाही, या उजेडाकडे जायचं.

खोली

आधी खोली बघा, मग पैसे द्या, आणि एकाच रात्रीचे द्या. कितीही सूट मिळत असली तरी चार दिवसांचे आगाऊ नको, कारण पैसे अडकले की माणूस वाईट खोलीतही थांबतो.

दाराला आतून कडी घट्ट बसते का, ते स्वतः दार ओढून बघा. बाथरूमची खिडकी गच्चीकडे किंवा शेजारच्या जिन्याकडे उघडत असेल तर खोली बदलून मागा. तळमजल्याची रस्त्याकडची खोली नको, आणि सगळ्यात वरची, गच्चीला लागून असलेलीही नको. पहिला-दुसरा मजला बरा. बाहेर पडायला जिना एकच असेल आणि त्यावर गॅस सिलिंडर, खोकी रचलेली असतील तर ते लॉज सोडा. आगीत माणसं धुराने जातात, आणि अशा जिन्यावरून कुणालाच उतरता येत नाही.

ओळखपत्र लॉजवाला मागणारच आणि मागायलाही हवं. जो मागत नाही, रजिस्टरमध्ये नोंद करत नाही, त्याच्याकडे कोण कोण राहतं याचा पत्ता कुणालाच नसतो. पण मूळ आधार कार्ड काउंटरवर ठेवून घेऊ देऊ नका. मास्क केलेलं आधार काढून न्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात आणि गावातल्या सेवा केंद्रातही ते निघतं. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त लॉज नोंदणीसाठी" असं आडवं लिहा.

धर्मशाळा मिळाली तर लॉजपेक्षा मी तिलाच पुढे ठेवेन. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळांत गरिबाला अब्रूने राहता येतं. मुंबईत टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. तिथे जागेसाठी हॉस्पिटलची कागदपत्रं लागतात, म्हणून फाइल हातातल्या पिशवीत ठेवा. आजूबाजूला सगळे पेशंटच्या घरचेच असले की एकट्या बाईलाही रात्र जड जात नाही.

अंधार पडल्यावर दुसरी फेरी

हा टप्पा बहुतेक जण सोडतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आठ-साडेआठला, दोघं मिळून, त्याच रस्त्याने पुन्हा चाला. दुपारी बायका उभ्या होत्या तिथे आता कोण आहे? दिवे लागले का? दुपारचा चहावाला आहे की गेला? रस्त्यावर बायका आणि पोरं अजून दिसत असतील तर निवांत झोपा. फक्त पुरुष उरले असतील आणि तेही पिणारे, तर रात्रीची कामं ऑटोने करायची किंवा सकाळी दुसरी खोली बघायची. पहाटे निघायचं असेल तर ऑटोवाल्याला आदल्या संध्याकाळीच ठरवा, त्याचा नंबर आणि गाडीचा नंबर घरी पाठवा.

एकटी मुलगी असेल तर अंतर्मनाचं ऐकायला तिला पूर्ण मोकळीक द्या. तिने फोनवर "मला इथं बरं वाटत नाही" म्हटलं, तर "एवढे पैसे भरले आता" असं घरच्यांनी बोलू नये. तिला कारण सांगता आलं नाही तरी चालेल. भरतीला, परीक्षेला जाणाऱ्या मुलींनी तालुक्यातून तीन-चार जणींनी मिळून एकच खोली घ्यावी. खर्चही वाटला जातो आणि पहाटेची वाटही.

पैसे एका खिशात नको. दवाखान्याचे वेगळे, रोजचे वेगळे. अनोळखी माणसाने दिलेला चहा, बिस्किट, प्रसाद घेऊ नका, मग तो गाडीत किती का गोड बोललेला असेना. गुंगीचं औषध असंच दिलं जातं. "खात्यात चुकून पैसे आले, परत पाठवा" किंवा "पैसे मिळवायला पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन खिशात ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

काही बिनसलं तर

मोबाइलच्या एखाद्या बटणावर ११२ लावून ठेवा, साध्या फोनवरही हे करता येतं. पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी हाच नंबर. रुग्णवाहिकेला १०८ सुद्धा. रेल्वेत १३९, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि फोनवरून पैसे गेले तर लगेच १९३०. त्यात जितका उशीर तितका पैसा हाती लागणं कठीण. चिठ्ठीवर लिहूनही खिशात ठेवा, कारण चोरी झाली तर पहिला जातो तो फोनच.

तक्रार द्यायला गेल्यावर "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकावं लागलं, तर निघून येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. ठाण्याने ती नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायची असते. "झिरो एफआयआर करून द्या साहेब" असं नम्रपणे पण ठामपणे म्हणा, आणि प्रत मागा; ती फुकट मिळते.

आणि रात्री अकराला कळलं की खोली चांगली नाही, दार कुणीतरी वाजवतंय, खाली भांडण चाललंय, तर पहाटेची वाट बघत बसू नका. लॉजच्या माणसाला खरं कारण सांगण्याची गरज नाही. "पेशंटची तब्येत बिघडली, बोलावलं" म्हणा, सामान उचला, ऑटो दारापर्यंत बोलवा. पेशंट भरती असेल तर सरळ हॉस्पिटलमध्ये जा, वॉर्डाबाहेर नातेवाईक झोपलेले असतातच. नसेल तर रेल्वे स्टेशन. तिकीट असेल तर प्रतीक्षालयात बसता येतं, बायकांसाठी वेगळं असतं, रेल्वे पोलीस फिरत असतात आणि चहा रात्रभर मिळतो. परतीचं किंवा पुढच्या गाडीचं एखादं तिकीट काढून घ्या. सकाळी उजाडल्यावर दुसरी खोली शोधा.